मांद्रेच्या रेतीतलं मंगळसूत्र आणि ते शोधून देणारी पाच माणसं (पाचपैकी साडेचार तारे)

आकडे आधी सांगतो. चौदा वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर बसून टिपरच्या पावत्या फाडल्या. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, मग डिचोलीत झेरॉक्सचं दुकान टाकलं, पण सवय काही गेली नाही. हरवलं तेव्हा मंगळसूत्र १८.४ ग्रॅम. सापडलं तेव्हा १७.६. घट ०.८ ग्रॅम, म्हणजे दोन सोन्याचे मणी, ते समुद्राने ठेवून घेतले. रेतीत मुक्काम ४३ तास. शोधायला लागले ३ तास २० मिनिटं. खर्च २,९०० रुपये. त्यातले ४०० पेट्रोलचे त्यांनी मागितले, २,५०० आम्ही खुशीने दिले.

रविवारची गोष्ट. मेव्हणा पुण्याहून मुलाबाळांना घेऊन आला होता. मांद्र्याला व्हाळावरचा बांबूचा पूल ओलांडून आम्ही वेळेवर गेलो (पुणेकरांसाठी: वेळ म्हणजे किनारा, घड्याळ नव्हे). भरती होती. मेव्हण्याच्या धाकट्याने पाण्यात आत्याच्या गळ्याला मिठी मारली, तेवढ्यात मागून लाट आली आणि दोघंही आडवी झाली. उठून हसत बाहेर आली. शॅकवर चहा सांगितला, आणि हिचा हात गळ्याकडे गेला.

पुढचा अर्धा तास लिहीत नाही. एवढंच सांगतो, की आम्ही सहाही जणांनी मिळून पायांनी रेती उकरली. ती आमची सगळ्यात मोठी चूक होती, पण हे कळलं मंगळवारी.

मधल्या सोमवारी मेव्हण्याने इंटरनेटवरून एक पार्टी शोधून काढली. नाव लिहीत नाही. ३,००० रुपये आगाऊ घेतले आणि दोन मुलं पाठवली. त्यांच्या हातात दांड्याला थाळी लावलेलं एक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर. कोरड्या रेतीवर ते गप्प होतं. ओल्या रेतीवर टेकवल्याबरोबर ठणाणा करायला लागलं. मुलं म्हणाली, खाली खूप धातू आहे. खाली काही नव्हतं, मीठ होतं. (हे शहाणपणही मंगळवारचंच.) पंचवीस मिनिटांत दोघं निघून गेली. ते ३,००० वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, कारण परीक्षण त्यांचं नाही.

शॅकचा आचारी हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "पोदेराक विचारात."

म्हणजे पाववाल्याला विचारा. मला वाटलं थट्टा करतोय. संध्याकाळी पोदेर पों पों करत आला, मागे पोळी-उंड्यांची टोपली. चार उंडे घेतले आणि जरा ओशाळूनच विषय काढला. त्याने सायकल स्टँडवर लावली आणि एकामागोमाग प्रश्न विचारले. सोनं किती कॅरेटचं? नुसती चेन की वाट्या आहेत? पडलं तेव्हा भरती की ओहोटी? शेवटचा प्रश्न: "त्या दिवसाचे फोटो आहेत का? पुसू नका. चांगले-वाईट सगळे ठेवा."

मंगळवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना पाचजण हजर. पाचांतल्या एकाचाही हा धंदा नाही, आणि या सेवेची ताकद नि अडचण दोन्ही तिथंच आहे. पोदेर रात्री दोनला भट्टी पेटवतो, सकाळचा फेरा संपवून झोपतो आणि दहा ते तीन मोकळा असतो. वीज खात्यातला लाइनमन रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे लाल. तिसरा मामलेदार कचेरीतला कारकून, अर्धी रजा टाकून आलेला. चौथ्याची म्हापशाला दातांची लॅब. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरने माप पाठवलं की कवळी आणि टोपी करून देणारा. पाचवे रापणकार काका (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या हातात यंत्रही नव्हतं.

मला वाटलं होतं, आल्याबरोबर यंत्रं सुरू करतील. पण कारकुनाने माझा फोन मागून घेतला आणि रविवारचे फोटो एकेक करून मोठे करून बघायला लागला. ५.४२ च्या फोटोत हिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. ५.५८ च्या फोटोत नाही. पहिल्या फोटोत हिच्या डाव्या खांद्यामागे पुलाचं टोक दिसतंय आणि उजवीकडे शॅकचे दोन खांब एकामागे एक येऊन एकच दिसतायत. साहेब फोन हातात धरून किनाऱ्यावर मागे-पुढे होत राहिले. ते दोन खांब पुन्हा एक झाले तिथं थांबले, मग त्या रेषेवरून पाण्याकडे चालत गेले आणि पुलाचं टोक बरोबर जागेवर आल्यावर टाच रोवून म्हणाले, "फोटो इथून काढलाय." मी तिथंच उभा होतो, तरी मला ती जागा पन्नास पावलं दक्षिणेला वाटत होती! सगळा दिवस एक-चौदाचे उतारे (पुणेकरांसाठी: सात-बारा) आणि हद्दीचे नकाशे बघणाऱ्या माणसाला आपल्या आठवणीपेक्षा खांबावर जास्त विश्वास असतो. मग खुंट्या ठोकून काथ्याच्या दोरीने त्याने वीस मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखला, त्यात मीटर-मीटरच्या पट्ट्या.

चौकोनाचा वरचा कोपरा थोडा कापला होता. का, तर त्या बाजूला काही अंतरावर कासवाच्या घरट्याला वनखात्याने जाळी लावली होती. मांद्रे-आश्वें-मोरजी हा पट्टा ऑलिव्ह रिडले कासवांचा. जाळीच्या जवळपास फावडं लावायचं नाही, दागिना तिथं असला तरी. हिने विचारलंच, "आणि तिथंच असला तर?" कारकून म्हणाला, "तर वनखात्याला अर्ज."

रापणकार काकांनी तो चौकोन बघितला आणि मान हलवली. "जागा बरोबर, पण वस्तू इथं नाही." जन्मभर रापण ओढलेली, जाळ्याला शिशाच्या गोळ्या बांधलेल्या. शिसं रेतीत कुठं जाऊन बसतं हे त्यांच्या हाताला ठाऊक, आणि सोनं शिशापेक्षाही जड. रविवारी सप्तमी होती, संध्याकाळी भरती. अशा दिवसांत पाणी फार वर येत नाही आणि फार खालीही जात नाही. लाट परत फिरते तेव्हा हलकी रेती घेऊन जाते, जड वस्तू थोडी घसरते आणि उताराच्या पायथ्याशी, जिथं शिंपल्यांच्या चुऱ्याचा कडक थर लागतो, तिथं अडते. काकांनी दोरी उचलून अख्खा चौकोन सात पावलं खाली, समुद्राकडे सरकवला. कारकुनाने हूं की चूं केलं नाही. मग काकांनी आम्हाला झापलं. पायांनी रेती उकरली म्हणजे वरची वस्तू खाली ढकलली आणि भोवतालचं थर-बिर सगळं मोडून ठेवलं. "हरवलं की हलायचं नाही. चप्पल काढून तिथंच ठेवायची खुणेला आणि माणूस बोलवायचा." हे वाचणाऱ्या सगळ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

ओहोटी दुपारी साडेबारा-एकची होती. पाणी मागे हटत जाईल तसतसं त्याच्यामागून जायचं असा बेत. लाइनमनने सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावले, शॅकवाल्याला विनंती करून त्याचा पाण्याचा पंप थोडा वेळ बंद करून घेतला, आणि त्याबरोबर यंत्राची कुरकुर निम्म्याने उतरली. त्यांच्याकडे दोन यंत्रं. एक साधं, एकाच वारंवारितेवर चालणारं, ते कोरड्या रेतीसाठी. दुसरं महागडं, एका वेळी अनेक वारंवारिता सोडणारं, ओल्या खाऱ्या रेतीसाठी. खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यामुळे साध्या यंत्राला अख्खा समुद्रच धातूसारखा वाटतो. अनेक वारंवारिता मिळून मिठाचा आवाज वेगळा काढता येतो. सोमवारच्या मुलांची अडचण हीच होती. लाइनमन हे सांगत असताना पोदेर मधेच म्हणाला, "थोडक्यात, हा तवा ओल्या रेतीचा, तो सुक्या." थाळीला तो तवाच म्हणतो.

मी बघत राहिलो तो दातांच्या लॅबवाल्याला. महागडं यंत्र त्याच्या हातात. कानाला हेडफोन, डोळे जवळजवळ मिटलेले, थाळी रेतीला घासेल न घासेल अशी, आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढलेला. यंत्राच्या पडद्यावर आकडा येत होता, पण तो आकडा बघत नव्हता. मी कारण विचारलं. सोन्याचा आकडा आणि कॅनच्या ॲल्युमिनियमच्या कडीचा, सिगारेटच्या चांदीचा आकडा एकाच घरात पडतो. आकड्यावर भरवसा ठेवून कचरा टाळायला गेलं की त्या कचऱ्याबरोबर अंगठीही टाळली जाते. म्हणून आवाज ऐकायचा. अंगठीचा आवाज गोल येतो, दोन्ही बाजूंनी सारखा. फाटक्या ॲल्युमिनियमचा कडांना तुटका. दिवसभर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागावर धातू घासत बसतो, टोपी दाढेवर नीट बसली की नाही हे टकटक करून कानाने ओळखतो. त्याचं म्हणणं, "इथं रेतीची दाढ आहे, एवढंच."

मंगळसूत्राबद्दल त्याने जे सांगितलं ते ऐकून आमच्या तोंडचं पाणी पळालं. अंगठी सापडणं सोपं, कारण ती बंद कडं आहे. यंत्राच्या चुंबकी लहरीने तिच्यात वीज गोल फिरते आणि यंत्राला उलट उत्तर मिळतं. बारीक साखळी म्हणजे शेकडो सुट्या कड्या, प्रत्येक कडीत फिरायला जागा इवलीशी. चाळीस ग्रॅमची नाजूक चेन चार ग्रॅमच्या अंगठीपेक्षा गप्प राहू शकते. काळे मणी तर काचेचे, त्यांचा प्रश्नच नाही. "साखळी शोधत नाहीये मी," तो म्हणाला, "वाट्या शोधतोय."

पहिले दोन तास कचरा. मी मोजला: बाटल्यांची बुचं ३१, कॅनच्या कड्या ९, तंबूचा एक खिळा, एक चमचा, एका लहान मुलाचं पैंजण (चांदीचं नव्हे). प्रत्येक वेळी पोदेर भोकाभोकांच्या स्टीलच्या डब्याला लांब दांडा जोडलेलं स्कूप घालायचा, पाण्यात हिसडायचा, रेती गळून जायची. हे काम त्याच्याकडे का, ते बघूनच कळलं. पीठ चाळल्यासारखे दोन झटके आणि एक हलका टेकू. डब्यातलं काही उडत नाही. मी एकदा करून बघितलं, डबा माझ्याच गुडघ्यावर आपटला.

१२.०५ ला लॅबवाल्याने थाळी एका जागी थांबवली. आडवी फिरवली, उभी फिरवली. हेडफोन काढून मला दिला. मला काहीच वेगळं वाटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पोदेराने स्कूप अगदी शेजारून, एक वीतभर खाली घातलं. पहिला डबा रिकामा, दुसरा रिकामा. तिसऱ्यात शिंपल्यांच्या चुऱ्यात एक वाटी. एकच. आत रेती घट्ट बसलेली, कडेला काळा एक मणीही नाही. आमची ही खाली बसली. जागा काकांनी सरकवलेल्या चौकोनात, मूळ चौकोनाच्या बाहेर.

यानंतरचा तास सगळ्यात लांब. वाटी सुटली म्हणजे साखळी तुटलेली, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या वाटेने गेलेल्या. काकांनी वाटीच्या जागेपासून समुद्राकडे न जाता तिरकं, उत्तरेकडे बोट दाखवलं. साखळी चपटी, पाण्याबरोबर वाहते. वाटी गोळीसारखी बुडते. १.१० ला चार मीटरवर दुसरी वाटी आणि तिच्या बरोबरीने साखळी निघाली, शेवाळात गुंडाळलेली. यंत्र वाजलं ते वाटीवर. वाटीच नसती तर थाळी साखळीवरून गेली असती आणि कुणाला कळलं नसतं.

मग शॅकवर चहा, आणि पोदेराचे उंडे. तिथं कळलं की ही मंडळी एकत्र कशी आली. लाइनमनला खांबाखाली पुरलेली केबल शोधायचं यंत्र खात्याचं. त्यावरून नाद लागला. लॅबवाल्याच्या बापाची अंगठी कळंगुटला गेली होती, ती मिळाली नाही. पोदेर सांगतो, तो फक्त झोप येत नाही म्हणून येतो. इंग्लंडमध्ये २०१० साली सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या माणसाला रोमन नाण्यांनी भरलेला रांजण सापडला, ५२,५०३ नाणी, आणि तो होता इस्पितळातला आचारी. पोदेर ही गोष्ट अशी सांगतो जणू तो आपल्या पाव व्यवसायातला जातभाई. कारकुनाला त्याच गोष्टीतला दुसरा भाग आवडतो: क्रिस्पने पुढे खणलं नाही, भोक बुजवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं, म्हणून रांजणातली नाणी थराथराने काढता आली. लॅबवाल्याची आवडती गोष्ट १९९२ ची. सफोकमध्ये हॉक्सनला एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, तो शोधायला निवृत्त माळी एरिक लॉज गेला, आणि त्याला सोन्या-चांदीची जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी मिळाली. हातोडाही मिळाला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लाइनमन म्हणतो, या यंत्राचं पेटंट १९३७ मध्ये घेणारा गेरहार्ड फिशर हाही मूळचा विमानांच्या रेडिओ-दिशादर्शकावर काम करणारा. खनिजाच्या खडकावरून जाताना दिशा चुकते हे त्याच्या लक्षात आलं, तिथून सुरुवात. हे ऐकून मी सरसावून बसलो. खनिज म्हटलं की अजून बसतो.

म्हणून मी त्यांना विचारलं, आमच्या डिचोलीला या. लाइनमन पुढच्या रविवारी आला, माझ्या अंगणात यंत्र सुरू केलं, आणि ते सोमवारच्या मुलांच्या यंत्रासारखंच बोंबलायला लागलं. तांबडी जांभ्याची माती, लोहाने भरलेली. जमिनीचा आवाज वजा करायची सोय यंत्रात असते, ती लावली तरी दोन बोटांखाली काही दिसेना. मी म्हटलं, हे तर लोह ५८ टक्क्यांच्या खालचं आहे, वर गेलात तर काय होईल! थोडक्यात, डिचोली-सत्तरीत शेतात कुणाचं काही हरवलं तर या मंडळींना बोलावून फायदा नाही. ते स्वतःच येत नाहीत.

आणखी एक ठिकाण, जिथं ते जात नाहीत: किल्ले, जुनी देवळं, जुन्या चर्चची आवारं. दोघा-तिघांनी पैसे देऊ केले म्हणे. कारकून लगेच १९५८ च्या स्मारक कायद्यापासून सुरू होतो. जमिनीत सापडलेल्या निधीचा कायदा १८७८ चा, आणि त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असं लिहिलंय. दहा रुपये, अजूनही. त्या दिवशी मंगळसूत्राच्या आधी एक ब्राँझचं नाणं निघालं होतं, पोर्तुगीज काळातलं, १९५८ चं ३० सेंताव्होचं. शंभर वर्षं झालेली नाहीत, म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू नव्हे, असं सांगून साहेबांनी ते आपल्या वहीत तारीख, जागा, खोलीसकट नोंदलं आणि मगच पोदेराच्या हातावर ठेवलं. पोदेराने ते काकांना दिलं. काका म्हणाले, याचे पूर्वी पाव यायचे.

आता अर्धा तारा का कापला. पाचांबरोबर एक सहावा येतो, कुठल्यातरी हॉटेलात रिसेप्शनला असतो. त्याने परवानगी न विचारता सगळं मोबाइलवर चित्रित केलं, हिचा रडतानाचा चेहरासुद्धा. सांगितल्यावर पुसलं, पण सांगावं लागलं. आणि पावती नाही. पैसे "खुशीने द्या" हे ऐकायला बरं, पण खुशी किती हे ठरवताना आम्हा नवरा-बायकोचं शॅकच्या मागे जे बोलणं झालं त्यापेक्षा दर लिहिलेला बोर्ड परवडला असता.

बोलवायचं असेल तर: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कारकून मिळत नाही, मे महिन्यात वीज जाते तेव्हा लाइनमन मिळत नाही, आणि गणेशचवथीच्या दिवसांत पोदेर सोडून कुणीच नाही. फोन नंबर देत नाही, त्यांची तशी इच्छा नाही. मांद्र्यात कुठल्याही शॅकवर विचारा, पण दुपारी तीनच्या आत. त्यानंतर पोदेर टोपली भरायला लागतो.

मंगळसूत्र सध्या सोनाराकडे आहे. कडी जाड करून घेतोय, दोन मण्यांची भरपाईही. ही म्हणते, यापुढे समुद्रावर जाताना ते घरीच ठेवणार. कानातल्या कुड्यांबद्दल मात्र काही बोलली नाही.